लिंडसेचं न दुखणारं दुखणं

मी एक जुना गोळा आहे. तोफेचा नव्हे, घाबरू नका. लॉन बोल्सच्या, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळातला. रंग काळा, वजन दीड किलोहून थोडं कमी आणि चाल जन्मापासून वाकडी. घडवतानाच कारागिराने माझी एक कूस किंचित उतरती ठेवली. त्यामुळे मला कितीही सरळ सोडा, शेवटी मी एका अंगाला वळणारच. माणसात असली तर याला खोड म्हणतात, आमच्यात गुण म्हणतात. हा पहिला गोंधळ. पुढे बरेच आहेत.

मित्रांनो, आम्ही चार भावंडं एकाच साच्यातली. मुरंडी गावच्या क्लबात आलो तेव्हा आमचा मालक लिंडसे शाळेची बस चालवायचा. माझ्यावर त्याचा विशेष जीव, कारण एकदा मी हरवलो होतो. उतारावरून निसटलो, रस्ता ओलांडला, गव्हाच्या शेतात शिरलो आणि थेट एका एमूच्या, म्हणजे शहामृगासारख्या पक्ष्याच्या घरट्यात जाऊन थांबलो. एमूंमध्ये अंडी बाप उबवतो. त्याने मला मोजून घेतलं आणि वर बसला. अठरा दिवस. लिंडसेने मला सोडवलं तेव्हा तो बाप त्याच्यामागे दोन मैल धावला. क्लबातले लोक म्हणतात, अर्धाच मैल. ते तिथे नव्हते, मी होतो.

त्यानंतर कितीतरी हंगाम सुखाचे गेले. लिंडसे आणि त्याची बायको नोलीन जोडीने खेळत. नोलीन आधी खेळायची, मग मैदानाच्या त्या टोकाला उभी राहून लिंडसेला खुणा करायची. खेळ साधा आहे. समोर जॅक नावाचा छोटा पांढरा चेंडू असतो; सगळे गोळे टाकून झाले, की त्याच्या सर्वांत जवळ ज्याचा गोळा, त्याचा डाव. घरी गेल्यावर ती आम्हाला ओल्या फडक्याने पुसायची. माझं कौतुक व्हायचं, क्वचित शिव्याही मिळायच्या.

मग गेल्या वर्षीच्या जानेवारीपासून आमच्या पिशवीची चेन कुणी उघडेना. लिंडसे क्लबात यायचा, पण बाकावर बसून राहायचा आणि आम्ही त्याच्या पायाशी, अंधारात. चेनच्या फटीतून जे ऐकू आलं, ते सांगतो.

पुरुषांच्या मूत्राशयाखाली प्रोस्टेट नावाची अक्रोडाएवढी ग्रंथी असते. लिंडसेच्या त्या अक्रोडात कॅन्सर सापडला होता. पण हळू वाढणारा, कमी धोक्याचा. त्याला काहीच दुखत नव्हतं. गावच्या डॉक्टर परेराबाईंनी म्हणे तीन वाटा सांगितल्या: कापून काढणं, किरणांनी जाळणं किंवा नियमित तपासण्या करत नुसतं लक्ष ठेवणं. आणि घाई नाही, असंही सांगितलं. कॅन्सर आणि घाई नाही, हे एका वाक्यात कसं मावतं, ते मला कळेना. लिंडसेलाही कळलेलं दिसत नव्हतं.

बाकावर सल्ल्यांना तोटा नव्हता. ग्रेअमने चार वर्षांपूर्वी ग्रंथी काढून टाकली होती आणि तेव्हापासून तो सगळ्यांच्या ग्रंथी काढायला निघाला होता.

"अंगणात विषारी तपकिरी साप निघाला, तर त्याला बघत बसशील का, लिंड्या?" तो म्हणाला. "फावडं घे आणि मोकळा हो."

"आणि दिवसात पँट किती वेळा बदलतोस, तेही सांग की त्याला," पलीकडून स्टॅव्हरोस म्हणाला.

ग्रेअमने बिअरचा घोट घेतला आणि पहिल्या वर्षापेक्षा आता बरंच बरं आहे, असं काहीसं पुटपुटला. अजून एका गोष्टीबद्दल तो अगदी हळू बोलला. ती मी ऐकली, पण सांगणार नाही. स्टॅव्हरोसने किरणं घेतली होती. तो किरणांचे गोडवे गायचा, पण क्लबात खुर्ची मात्र नेहमी संडासाजवळचीच धरायचा. दोघेही जिवंत, दोघेही खूश आणि दोघांनाही दुसरा मूर्ख वाटायचा.

घरी नोलीन काढून टाकण्याच्या बाजूची. तिच्या वडिलांनाही पूर्वी कुणीतरी सांगितलं होतं, थांबून बघू. त्यांचं दुखणं पोटाचं होतं, वेगळंच होतं, पण ते थांबले आणि गेले. नोलीनच्या कानात 'थांबू' हा शब्द तेव्हापासून रुतलेला.

लिंडसे सोमवारी कापायला तयार असायचा, बुधवारी किरणांना, शनिवारी कशालाच नाही. माझी चाल वाकडी खरी, पण ती रोज एकाच अंगाला वाकडी. शेवटी कंटाळून त्याने शहरातल्या इस्पितळात फोन केला आणि ऑपरेशनची तारीख घेतली. निर्णय झाल्यावर माणूस हलका होतो म्हणतात. हा अजून जड झाला. नोलीनशी बोलणं मीठ-मिरीपुरतं उरलं.

त्या तारखेच्या दोन आठवडे आधी क्लबात जोड्यांचा अंतिम सामना होता; आधीच्या फेऱ्या दोघांनी दुखणं कळण्याआधीच जिंकल्या होत्या. लिंडसे येणार नव्हता. नोलीनच म्हणाली, की निदान हात तरी हलव. समोर ग्रेअम आणि त्याची बायको. शेवटचा डाव, गुण बरोबरीत. सगळ्यांचे गोळे टाकून झाले होते, फक्त लिंडसेच्या हातात शेवटचा गोळा होता. तो मी.

तिकडे जॅकपाशी नोलीनचा एक गोळा आणि ग्रेअमचा एक, जवळजवळ सारख्या अंतरावर. डाव संपेपर्यंत माप लावायची परवानगी नसते. इतक्या लांबून लिंडसेला काही दिसत नव्हतं. जोरात फेकावं, तर ग्रेअमचा गोळा उडेल किंवा नोलीनचाच उडेल. मी तर तयारच होतो. अंगात वारं भरलं होतं.

नोलीन वाकली. एक डोळा मिटून बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं.

"आपलाच जवळ आहे," ती ओरडली. "हात लावू नकोस."

"नक्की?"

"नक्की नाही. पण मला दिसतंय. तुझ्या फेकीने बिघडण्याचीच भीती जास्त."

आमच्या खेळात अशा वेळी शेवटचा गोळा मुद्दाम वाया घालवतात. लिंडसेने मला बाजूने सोडलं आणि मी जाऊन कडेच्या चरात पडलो. आणि मित्रांनो, लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षं मी जॅकला जाऊन बिलगत आलो, तेव्हा कौतुकाच्या चार शब्दांपलीकडे काही मिळालं नाही, आणि चरात पडल्यावर टाळ्या. अजूनही मला याचा अर्थ लागलेला नाही.

मापपट्टी आली. बिस्किटाच्या जाडीएवढ्या फरकाने लिंडसे आणि नोलीन जिंकले.

परतताना मी गाडीच्या मागच्या सीटवर होतो. लिंडसेने विषय काढला.

"तूच म्हणालीस ना, हात लावू नकोस."

नोलीनला रोख कळला. "ते गोळे होते, लिंडसे. गवतात पडल्या पडल्या ते वाढत नाहीत."

मला तिचं पटलं. आम्ही खरंच वाढत नाही.

मग तिने विचारलं, "डॉक्टरबाई नेमकं काय म्हणाल्या होत्या? ग्रेअम काय म्हणाला ते नको. त्या काय म्हणाल्या?"

लिंडसेने गाडी युकॅलिप्टसच्या झाडाखाली थांबवली.

"खरं सांगू? कॅन्सर म्हणाल्या आणि पुढचं मला काही ऐकूच आलं नाही. बाईंचे ओठ हलत होते. मी मान डोलवत होतो."

"मग तीन महिने ज्याच्यावर आपण भांडतोय, ते सगळं..."

"बाकावरचं आहे. तीन वाटा, कमी धोका, घाई नाही, एवढंच काय ते बाईंनी शेवटी दिलेल्या कागदावर होतं."

नोलीन हसली असावी, किंवा रडली. मागच्या सीटवरून दोन्ही सारखंच ऐकू येतं.

सोमवारी ती त्याच्याबरोबर डॉक्टरबाईंकडे आत गेली. त्यांना खूप वेळ लागला. आम्ही चौघं भावंडं बाहेर गाडीत उन्हात तापत पडलो होतो. बाहेर आले तेव्हा नोलीनच्या हातात वही होती आणि ती वाचून दाखवत होती. आत्ता थांबल्याने धोका फारसा वाढत नाही. पण थांबणं म्हणजे विसरणं नव्हे: ठरावीक महिन्यांनी रक्त, पुढे स्कॅन, गरज पडली तर पुन्हा सुईने तुकडा काढून तपासणं. काही बदललं, तर कापायची किंवा किरणांची वाट उघडीच आहे. ऑपरेशन मागितलं असतं, तर बाईंनी तेही चुकीचं म्हटलं नसतं. वडिलांचं दुखणं वेगळं होतं, हे नोलीनने दोनदा विचारून घेतलं होतं.

"मग तारीख रद्द करू?" लिंडसेने विचारलं.

"कर. पण मी अजून घाबरलेली आहे, सांगून ठेवते."

"मी पण."

"बरं झालं. एकटा घाबरलेला माणूस तपासणी चुकवतो. दोघांत कुणीतरी आठवण करून देईल."

याला आता वर्ष होऊन गेलं. रक्ताची तपासणी तीनदा झाली, आकडा जागच्या जागी आहे. चौथी पुढच्या आठवड्यात. त्या आधीच्या दिवसांत दोघंही चिडचिडे होतात आणि माझ्यावर फडकं जरा जोरात चालतं. ग्रेअम अजून लिंडसेला वेडा म्हणतो, स्टॅव्हरोस दोघांना. पुढे काय होईल, ते मला माहीत नाही. डॉक्टरबाईंनाही नाही, असं त्या स्वतःच म्हणाल्या.

मित्रांनो, माझ्यासारख्या वाकड्या चालीच्या गोळ्याचं काय ऐकता. पण एक मागणं आहे. तुमच्या घरातलं मोठं माणूस डॉक्टरकडे निघालं, की त्याला एकट्याला पाठवू नका. आत जा, शेजारी बसा आणि त्याचे कान बंद झाले, की तुमचे उघडे ठेवा.