भागूमावशीचे मासे

“आधी त्या घरचं पाणी मागून प्या, मग तोंड उघडा. ज्यांचं पाणी तुमच्या घशाखाली उतरत नाही, त्यांना पाण्याविषयी काय शिकवणार?”

तैयबा मॅडमचं हे बोलणं सुचिताला आठवलं ते नेमकं भागूमावशीच्या बंद दारासमोर. मॅडम मुरुडच्या. उभी हयात सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढली आणि आता तालुक्याच्या कम्युनिटी कॉलेजात सार्वजनिक आरोग्य शिकवत. त्यांच्याकडे डिप्लोमा करताना घरोघर फिरून सुचिताने वर्षभर हा धडा पाळला. कोळीवाड्यात मचूळ पाणी प्याली, मोहल्ल्यात सब्जाचं सरबत प्याली. शेजारच्या भागूमावशीकडे तेवढं मागितलं नाही. लग्न होऊन चौलला आली तेव्हापासून त्या घरात तिची ऊठबस. तिथे कसली आली विचारपूस?

आळीत दोन पोरांना कावीळ झाली आणि मावशींच्या विहिरीच्या पाण्याचा नमुना खराब आला. घरोघरी नळ होते, तरी प्यायला सगळी आळी तेच पाणी न्यायची. मावशी त्या दिवशी लेकीकडे रेवदंड्याला गेलेल्या. सुचिताने थांबायला हवं होतं, ती थांबली नाही. बादलीत जंतू मारायची टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर कालवली, गाळ खाली बसू दिला आणि वरची निवळ विहिरीत सोडली. शिकवलं होतं तसं, अगदी मापात. एकच गोष्ट डोक्यातून गेली. पावसाळ्याच्या तोंडावर, डासांच्या अळ्या खायला म्हणून, त्याच विहिरीत तिने स्वतःच्या हाताने गप्पी मासे सोडले होते.

दुसऱ्या दिवशी ते पोट वर करून तरंगत होते.

मावशी भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांचा नेम होता. चातुर्मास लागला तसा त्यांनी धरला होता, विहिरीतल्या माशांना भाताचा घास घातल्याशिवाय दुपारचं जेवायचं नाही. मासे गेले, त्या दिवसापासून मावशींचं दुपारचं पान मांडलं गेलं नाही. सत्तरी उलटलेली बाई रात्री काय ते चार घास खायची आणि दिवसभर वाडीत नारळाच्या झावळ्या ओढायची.

आणि सुचिता परवा मुंबईला निघणार होती. इथला डिप्लोमा झाला, तिथे पदवीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळाला. तिच्या नवऱ्याने, ओंकारने, आळीभर पेढे वाटले. या दारातून पेढा तसाच परत आला होता.

“मावशी, पाणी द्या ना प्यायला.”

“तुज्या घरी नळ न्हाय व्हय?”

“तुमच्या विहिरीचंच पाहिजे.”

आत तांब्या बुडवल्याचा आवाज झाला. मग कडी निघाली. मावशींनी तांब्या पुढे केला. “घे. तुजंच अवशीद हाय.”

सुचिता गटागटा प्याली. तांब्या रिकामा करून खाली ठेवला.

“येतो ना वास?”

“येतो, मावशी.”

“माज्या बाळकृष्णाला ह्याच पान्यानं आंघोळ घालते. देव पन आता दवाखान्यावानी वासतो.”

सुचिताला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ डोळे भरले. “मी विचारलं नाही तुम्हाला.”

“पोरं पिवळी पडलेली मला दिसत न्हवती व्हय गो? मी नको म्हटली नसती. पन माज्या विहिरीत मरन आलं, आनि मला कळलं ते पानी शेंदाया गेल्यावर.”

“तुम्ही दुपारी जेवा आता.”

“ते माजं नि देवाचं. तू त्यात पडू नको.”

“मी नवे मासे आणते. पण विहिरीत नको. तिथे पावडर पडत राहणार. वाडी शिंपायच्या टाक्यात सोडू.”

“टाकं गळतंय.”

“ह्यांना सांगते लिंपायला. सिमेंट सुकेल आठवड्यात.”

“मग ओंकारच टाकील की. तू चाललीस मुंबैला.” मावशींनी तांब्या उचलला. आवाज चढला नाही त्यांचा. “न्हाय. ज्या हातानं गेले त्याच हातानं येऊ देत.”

“पुढच्या शनिवारी येते. नक्की.”

मावशी आत गेल्या आणि करवंदाच्या लोणच्याची बरणी घेऊन आल्या. “त्या होस्टेलात पानचट खाशील. ने. पन आयक, माज्या घरचं भांडं रिकामं परत येत न्हाय हां.”

होस्टेलवर सुचिता वयाने सगळ्यात मोठी. खोलीतल्या प्रणालीने पहिल्याच रात्री तिला ‘काकू’ करून टाकलं. रात्रीच्या जेवणाला सुचिता बरणी घेऊन मेसमध्ये फिरायची आणि सगळ्यांच्या ताटात लोणचं वाढायची.

“काकू, पुरवून खा ना! महिनाभर जाईल.”

“नको गं, संपवा. शनिवारच्या आत बरणी रिकामी पाहिजे.”

“लोणचं संपायची घाई असलेली बाई पहिल्यांदाच बघतेय मी,” प्रणाली म्हणाली. मग आवाज खाली आणून तिने विचारलं, “आणि दुपारी का जेवत नाहीस तू? आल्यापासून बघतेय.”

“उद्या जेवेन.”

शनिवारी सकाळी मुली सुट्टीच्या झोपेत होत्या. सुचिताने बरणी गरम पाण्याने धुतली, पुन्हा धुतली. साबणाला हात लावला नाही. नाक आत घालून वास घेतला आणि आणखी एकदा धुतली. झाकणाला कर्कटकाच्या टोकाने भोकं पाडली. तैयबा मॅडमना फोन झालेला होता. एसटी अलिबागला पोचली की कॉलेजच्या हौदातले मासे त्या देणार होत्या. टाकं भरल्याचं ओंकारने रात्रीच कळवलं होतं.

जिन्याखाली मेसमध्ये पोह्यांची फोडणी बसली होती. सुचिताने बरणी पदरात गुंडाळली, पोटाशी धरली, आणि कुणाला जाग येऊ नये म्हणून चपला हातात घेऊन जिना उतरली.