शेवटचा चतकोर

शेंद्र्याच्या ज्या कारखान्यात गाड्यांच्या वायरिंगचं काम चालतं, तिथं भिंतीवर एक फलक आहे. प्रत्येक कामगाराचा फोटो आणि फोटोपुढं एक गोल. काम नुसतं माहीत झालं की गोलाचा एक चतकोर रंगवतात, कुणाच्या देखरेखीखाली जमलं की दुसरा, एकटीनं जमलं की तिसरा. चौथा चतकोर रंगतो तो दुसऱ्याला शिकवता आलं तरच. सुरेखाचा गोल सहा वर्षं पाऊणच होता. तिच्याइतका चलाख हात अख्ख्या लाइनीवर नाही, हे तिच्याशी अबोला धरलेल्या बायकाही कबूल करत. पण तिच्या हाताखाली दिलेल्या दोन्ही पोरी परीक्षेत नापास झाल्या होत्या. सोमवारी नवी लाइन सुरू होणार, तिथं शिकवणारी बाई हवी, आणि शनिवारची परीक्षा ही सुरेखाची तिसरी नि शेवटची संधी. तो फलक आला की ती मान फिरवून पुढं जायची. इतकं जिव्हारी लागलं होतं तिच्या.

या खेपेची पोरगी अपेक्षा, करमाडची, आयटीआय झालेली आणि तोंडानं फटकळ. काम दिसायला सोपं. वायरीच्या टोकाची पिन प्लास्टिकच्या कनेक्टरमध्ये ढकलायची, बसली की टक् होतं, मग जरा मागं ओढून बघायचं. पण दीडशे बायका आणि पंख्यांची घरघर, त्यात कुठला ऐकू येतोय टक्! अपेक्षा अडली की सुरेखा म्हणायची, "आण इकडं," आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पिन बसलेली असायची. मायेनंच करायची हो. आपल्याकडं माया म्हणजे समोरच्याच्या हातातलं काम ओढून घेणं.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत अपेक्षा फाडकन बोलली, "ताई, तीन दिस झाले, मी नुसते तुमचे हात बघायलेय. परीक्षा तुमची हाय का माझी?"

सुरेखाला असा राग आला की डबा तसाच झाकून ती उठली. पण राग उतरल्यावर मागं उरलं ते खरंच होतं. आधीच्या दोघी का नापास झाल्या, तेही तिला आत्ता कळलं. सुट्टी संपली तशी ती आली आणि तिनं दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात घातले.

"कर. म्या नाय हात लावत."

"पण ढकलायचं कधी थांबायचं, ताई?"

"कळतंय की आपोआप."

"कसं कळतंय?"

इथं बाई अडली. लाखो पिना बसवल्या असतील तिनं, आणि सांगायला एक शब्द नाही! शेवटी तिनं एक पिन उचलली, डोळे मिटले आणि जन्मात पहिल्यांदा सावकाश ढकलली. "आधी अडतंय," ती म्हणाली. "मंग मऊ लागतंय. मंग येकदम जागा घेतंय, ब्लाउजचं टिचबटण लागल्यावानी." डोळे उघडले तेव्हा तीच चकित झाली होती. मला विचाराल तर हे काम ती खरी शिकली त्या दुपारी.

मग तिनं नेमच घालून दिला. दर पिनेला अंगठ्याला काय लागलं ते अपेक्षानं मोठ्यानं बोलायचं. अडलं, मऊ, बसलं. अडलं, मऊ, बसलं. शेजारच्या बायका हसून बेजार झाल्या, पण पोरीचा हात मात्र बसला.

शनिवारी सुपरवायझर केशवसर घड्याळ घेऊन उभे राहिले. वीस कनेक्टर भरायचे आणि सुरेखानं चकार शब्द काढायचा नाही. अकरा भरून झाले. मग नवं खोकं उघडलं, आणि त्यातला पहिलाच कनेक्टर अपेक्षानं भरून बाजूला ठेवला. दुसराही.

"काय झालं? पिन बसलीय की," सर म्हणाले.

"बसलीय सर, पण मधी मऊ लागंना. येकदम आत जायलीय."

सरांनी ओढून बघितलं. पिन घट्ट होती. त्यांनी सुरेखाला बोलावलं. तिनं सवयीच्या झपाट्यानं एक पिन बसवली, दुसरी बसवली. तिला दोन्ही रोजच्यासारख्याच लागल्या. अंगठ्यावर सहा वर्षांचा घट्टा पडलेला. सरांनी मग भिंग आणून आत पाहिलं, तर पिनेला धरून ठेवणारी प्लास्टिकची जीभ अर्धीच होती. अख्खं खोकं तसलंच निघालं. चार महिने खड्ड्यांतून गाडी धावली असती, की पिना सुटल्या असत्या.

"कमाल आहे! हे तुम्ही शिकवलंत ना, सुरेखाताई?"

व्हय म्हणायला काय लागत होतं? गोल पुरा झाला असता.

"नाय सर," सुरेखा म्हणाली. "खोटं कशाला बोलू? मला तर आत्ताबी फरक कळंना."

"आन् अडलं, मऊ, बसलं कुणी शिकवलं मंग?" अपेक्षा उसळली. "मधलं मऊ गायब झालं, म्हणून तर कळलं मला!"

केशवसरांनी दोघींकडं पाहिलं आणि खिशातलं मार्कर काढलं. "चला सुरेखाताई, फलकापाशी. तुमच्यासमोर रंगवतो."

सुरेखाचे डोळे भरून आले, पण ती जागची हलली नाही. तिनं स्टूल ओढलं आणि अपेक्षाच्या शेजारी बसली. एका हातात चांगला कनेक्टर, दुसऱ्यात ते खराब खोकं.

"सर, तेवढं दहा मिनिटांनी रंगवा," ती म्हणाली, आणि अपेक्षाकडं वळली. "पोरी, आधी मला शिकव. मऊ कुठं जातंय, ते मला कळाया पायजे."