कॉफीची खूण

दयानंद मुतालिक खोटं बोलायचे ते झकास बोलायचे. पस्तीस वर्षं कन्नड सिनेमे काढलेल्या माणसाला तेवढी सूट द्यावीच लागते म्हणा. पण त्यांचं एक खोटं फारच जुनं झालं होतं. लेकीच्या लग्नाचं आमंत्रण नसलेला बाप बँडवाल्याचा लाल डगला चढवतो आणि तिच्याच वरातीत क्लॅरिनेट वाजवत चालतो, या एका सिनेमाच्या शेवटानं त्यांना नाव मिळवून दिलं होतं. तो सुचला कुठं, असं कुणी विचारलं की दयानंदराव डोळे मिटून सांगायचे, ‘बनशंकरीच्या देवळात, तिसऱ्या पायरीवर.’ तेवढ्यात स्वयंपाकघरात त्यांच्या बायकोचा, नयनाबाईंचा, मिक्सर जोरात फिरायला लागायचा. कारण तो शेवट नयनाबाईंचा होता. पडद्यावर त्यांचं नाव कधी आलं नाही आणि ते त्यांना लागलं होतं. लागणारच की!

आता दयानंदरावांचा जीवनगौरव ठरला. समारंभात दाखवायला त्यांच्यावर दहा मिनिटांची फिल्म हवी होती. ती करायला भाची प्रांजली इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या नोकरीतून दोन दिवस रजा काढून आली, आणि कॅमेऱ्यामागे उभा राहिला मामांचाच जुना कॅमेरामन बसवंत. नयनाबाईंनी दोघांनाही आधीच गाठलं. ही फिल्म झाली की पुन्हा कुणी विचारायला यायचं नाही, तेव्हा या खेपेला खरं यायलाच हवं, असं त्यांनी बजावलं. कसं आणायचं तेही सांगितलं.

इथं दयानंदरावांची एक खोड सांगायला हवी. कॅमेरा चालू आहे हे कळलं की नट नटतो, असं त्यांचं मत. म्हणून ते सेटवर जाहीर करायचे, ही नुसती तालीम, आणि जरा वेळानं कॉफी मागवायचे. ती बसवंतला गुपचूप कॅमेरा चालू करायची खूण. कॅमेऱ्याच्या लाल दिव्यावर काळी चिकटपट्टी लावून तो तयारच असायचा. भल्याभल्या नटांना दयानंदरावांनी असं बनवलं होतं. शिवाय ‘कट’ म्हणायचा हक्क एकट्या त्यांचा. एकदा एका निर्मात्याच्या तोंडून तो शब्द गेला, तर त्यालाच त्यांनी दिवसभर सेटबाहेर बसवलं.

तर त्या सकाळी देवळाची पायरी दोनदा सांगून झाली. दुसऱ्या खेपेला आवाजही छान भरून आला. प्रांजली म्हणाली, मस्त, आता फक्त दिवे हलवून बघतो, तुम्ही बसून राहा, नुसती तालीम. मामांनी पाय पसरले. आतून नयनाबाईंनी विचारलं, कॉफी घेणार का? मामा म्हणाले, स्वल्प. स्वतःच्या घरच्या कॉफीवर कोण संशय घेतो?

प्रांजलीनं सहज विचारलं, तिसऱ्या पायरीवर तर लोक चपला काढतात ना? मामा खो खो हसले.

“कसली पायरी गं! तुझी मामी अवरेकाळूच्या शेंगा सोलत बसली होती. मी तीन दिवस डोकं धरून. तिनं मान वर न करता सांगितलं, बापाला बँडमध्ये घाला की.” मग त्यांनी पसरलेले पाय जवळ घेतले. “नाव द्यायला हवं होतं तिचं. पण लोक म्हणाले असते, याचे सिनेमे बायको काढते. भ्यालो मी.”

नयनाबाई कॉफी घेऊन आल्या. पेला घेताना मामांची नजर कॅमेऱ्यावर गेली. लाल दिव्याच्या जागी काळी चिकटपट्टी होती. चोरावर मोर! ‘कट’ म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. समोर नयनाबाई उभ्या होत्या, डोळे भरलेले, पण हसू दाबून धरलेलं. मामांनी तोंड मिटलं आणि कोचावर सरकून जागा केली.

“ये, बस इथं. कॅमेऱ्यात दिसू दे.”

नयनाबाई पदर सारखा करून ऐटीत बसल्या.

“कथा माझी, हे आलं. आजचं दिग्दर्शनही माझंच होतं, तेही नावांच्या पाटीवर येऊ द्या,” त्या म्हणाल्या आणि बसवंतकडे वळल्या. “कट.”

बसवंतनं मुकाट्यानं कॅमेरा बंद केला.