उद्घाटनाची वाट

सरकारी दवाखान्यात फॅक्सचं यंत्र आलं आणि हेडक्लार्क बाळासोंनी त्याला हळदकुंकू वाहून ठेवलं. जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांच्या हस्ते उद्घाटन होईपर्यंत कुणी त्याला बोट लावायचं नाही, असा त्यांचा हुकूम. साल अठ्ठ्याण्णव, त्यात साताऱ्याकडचा माण हा दुष्काळी तालुका. असलं यंत्र दारात आल्यावर बाळासोंची ऐट काय विचारता!

त्याच आठवड्यात मनुबाई तीन वर्षांच्या क्रांतीला घेऊन आली. पोरीच्या डाव्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरं चकाकत होतं. डॉक्टर स्वप्नाताईंनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. कॅन्सरची गाठ असावी, लवकर उपचार झाले तर डोळा वाचेल, म्हणून त्यांनी मुंबईच्या इस्पितळाला चिठ्ठी लिहिली. "आजच फॅक्स करा, उद्या तारीख मिळेल," असं बाळासोंना बजावून त्या दुपारीच महिनाभराच्या ट्रेनिंगला गेल्या.

बाळासो हो म्हणाले आणि चिठ्ठी पाकिटात घालून पोस्टात टाकून आले. टपाल काय, आज ना उद्या पोचतंच. उद्घाटनाआधी यंत्र चालवलं आणि साहेबांची खप्पामर्जी झाली तर कोण निस्तरणार?

उत्तर यायला चोवीस दिवस लागले. तोवर गाठ वाढली होती. मुंबईला पोरीचा डोळा काढावा लागला.

हे कळलं तेव्हा बाळासोंना बायकोला सांगायचीही लाज वाटली. पुढं उद्घाटन झालं, साहेबांनी सगळ्यांदेखत त्यांची पाठ थोपटली, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मनुबाई लेकीला कडेवर घेऊन टेबलापुढं उभी राहिली. पोरीच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती. बाळासोंना वर बघवेना.

"मनुबाई, त्यो कागद मी मशिनीनं धाडलाच न्हाई. पोष्टात टाकला. माझ्यामुळं झालं हे."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "मुंबईच्या डाक्टरांनी पाकिटावरचा पोष्टाचा शिक्का दावला हुता."

"मग बोलली का न्हाईस?"

"आवं, तुमच्याशी वाकडं घिऊन आमी कुणाच्या दारात जायाचं?"

तिनं ट्रेनिंगहून परतलेल्या स्वप्नाताईंची नवी चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"उजव्या डोळ्यातबी बारीक ठिपका हाय म्हंत्यात. ह्यो कागद तरी आज धाडा."