न सांगितलेले गुण

ऑरिनने गुणांच्या पाटीवरची बर्नेलची खुंटी उपसली आणि सहा भोकं पुढे रोवली.

"हे बघ, तुझ्या सलग पानांचे सहा गुण सांगायचे राहिले होते," तो म्हणाला. "टाकले मी. शाब्बास."

बर्नेलने खुंटीकडे पाहिलं नाही. समोर लाकडी ठोकळ्याच्या खाचेत त्याची पानं उभी होती: सत्ती, दोन अठ्ठ्या आणि नव्वी. आपले गुण किती हे त्याला पानं उचलल्यापासून ठाऊक होतं. बेरीज पंधरा होणाऱ्या जोडण्या दोन, त्यांचे चार. अठ्ठ्यांच्या जोडीचे दोन. सात-आठ-नऊ दोनदा, त्यांचे सहा. बारा. तोंडानेही एकेक मिळवत 'पंधराचे दोन, पंधराचे चार, जोडीचे सहा' इथपर्यंत आलं होतं. तेवढ्यात खिडकीतल्या रेडिओवर वाऱ्याचा अंदाज सुरू झाला, आणि पुढच्या शब्दाच्या जागी पुन्हा 'पंधराचे' आलं. मग पुन्हा 'पंधराचे'. एकदा एखादा शब्द असा अडकला की तो मांजरासारखा दारातच बसून राहायचा, आणि त्याला हाकलेपर्यंत मागचे पळून जायचे.

ऑक्टोबरात बर्नेल कॉर्कमला झटका आला तेव्हा तो शेडमध्ये एका बोटीच्या फळ्या ठोकत होता. उजवा हात थोडा परत आला, वाचा त्याहून थोडी. दर सोमवारी ब्रिजवॉटरहून शेल्बी नावाची मुलगी त्याला बोलायला शिकवायला येई. शब्द कुठे गेलेले नाहीत, असं तिने त्याच्या बायकोला, ल्युएलाला, सांगितलं होतं. पण शब्द शोधायचा, सापडेपर्यंत बाकीचं ध्यानात धरायचं आणि त्यात कानावर पडणारं बाजूला सारायचं, ही तिन्ही कामं बर्नेलला आता एकदम होत नव्हती. एका वेळी एकच काम, आणि समोरच्याने वाट पाहायची. ल्युएलाने ते लिहून फ्रीजवर चिकटवलं. ऑरिन झ्विकर ते दर बुधवारी वाचत असे आणि मान डोलावत असे. मग खुर्चीत बसून तो रेडिओचा आवाज वाढवी, कारण बोट विकून पाच वर्षं झाली तरी वारा कुठून आहे हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

चाळीस वर्षं दोघं हा खेळ खेळत होते. खेळायची पाटी बर्नेलने ऑरिनच्या पहिल्या बोटीतून उरलेल्या ओकच्या तुकड्याची केली होती, खुंट्या तांब्याच्या खिळ्यांच्या. आपल्या पानांचे गुण आपणच मोठ्याने मोजून सांगायचे. जे सांगायचे राहतील ते समोरच्याने टेबलावर टकटक करून 'माझे' म्हणायचं आणि उचलायचे. हरणाऱ्याने चहाचे कप विसळायचे. या टकटकीत ऑरिनइतका निर्दय माणूस साऱ्या किनाऱ्यावर नव्हता. बर्नेलच्या मुलीच्या लग्नादिवशी, चर्चला निघायला दहा मिनिटं असताना, त्याने वधूपित्याचे चार गुण लांबवले होते आणि दिवसभर पाहुण्यांना ती हकिकत ऐकवली होती.

आणि आता तोच ऑरिन न सांगितलेले गुण मोजून बर्नेलच्या पदरात घालत होता. वर मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलत होता. बर्नेलचे कान ठणठणीत होते. पूर्वी ऑरिन त्याला 'लबाडा' म्हणायचा. आता 'शाब्बास' म्हणायचा. लागोपाठ अकरा बुधवार बर्नेल जिंकला होता आणि अकरा बुधवार ऑरिनने शीळ घालत कप विसळले होते. प्रत्येक जिंकलेल्या डावानंतर बर्नेलला आपण थोडे आणखी लहान झालो असं वाटे. एवढा अपमान त्याला इस्पितळात बेडपॅनवर बसतानाही वाटला नव्हता.

एकदा त्याने सांगायचा प्रयत्न केला होता. पानांकडे बोट दाखवलं, मग ऑरिनकडे, मग टेबलावर मूठ आपटून 'घे, घे' म्हणाला. ऑरिनने बराच विचार करून ल्युएलाला हाक मारली की याला चहा हवाय. चहा आला. बर्नेलने तो प्यायला.

आज मात्र ऑरिन पत्ते पिसत असताना तो उठला, खिडकीपाशी गेला आणि त्याने रेडिओ बंद केला.

"अरे, वारा ऐकत होतो मी," ऑरिन म्हणाला.

बर्नेल खुर्चीत येऊन बसला. स्वयंपाकघरात ल्युएला ओट्सचे केक ताटलीत काढत होती. तिचा हात थांबल्याचं त्याला ऐकू आलं. पानं वाटून झाली, खेळून झाली. गड्डीतून वर निघालेला सामाईक राजा ऑरिनच्या कामाचा नव्हता. ऑरिनने आपली पानं उघडी मांडली: दोन छक्क्या, एक तिर्री, एक नव्वी. त्याची नजर पानांवर नव्हतीच. रेडिओ बंद केला म्हणजे बर्नेल दमला असेल का, या काळजीने तो समोर पाहत होता.

"पंधराचे दोन, चार, जोडीचे सहा," म्हणत त्याने खुंटी हलवली आणि पानं गोळा करायला हात पुढे केला.

बर्नेलने डाव्या हाताची बोटं टेबलावर दोनदा टकटकवली.

ऑरिन थबकला. "काय रे? चहा हवा का?"

शब्द येत होता. बर्नेलला तो दुरून दिसत होता. त्याने पानांकडे पाहिलं नाही, पाटीकडे पाहिलं नाही, ऑरिनच्या तोंडाकडेही नाही. टेबलावरच्या एका जुन्या चऱ्याकडे पाहत राहिला.

"बरं नाही वाटत का? ल्युएला, याला जरा..."

"ऑरिन," आतून ल्युएला म्हणाली, "गप्प बस."

ऑरिन गप्प बसला.

"माझे," बर्नेल म्हणाला.

मग एकेका पानावर बोट ठेवत गेला. छक्की. छक्की. तिर्री. सहा, सहा आणि तीन. ऑरिनने ओठ हलवत बेरीज केली, आणि त्याचं तोंड उकडलेल्या खेकड्यासारखं लाल झालं. बर्नेलने स्वतःची खुंटी स्वतः उपसली आणि दोन भोकं पुढे रोवली. उजव्या हाताने. त्याला वेळ लागला.

"म्हणजे तू मोजत होतास?" ऑरिनने विचारलं. "तुझं नि माझं, सगळं?"

बर्नेलने हो म्हणून मान हलवली.

"पहिल्यापासून? आणि मी आपला तुला..." त्याने हवेतच खुंटी सरकवून दाखवली.

बर्नेलने पुन्हा मान हलवली, यावेळी जरा जोरात.

ऑरिनने टोपी काढून बाजूच्या खुर्चीवर ठेवली. पूर्वी तो अटीतटीच्या डावालाच टोपी काढत असे.

"पिस नि वाट, लबाडा," तो म्हणाला, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला.

पुढच्या वाटपात आपले गुण मोजताना बर्नेल चारवर अडकला. मोजलेली पानं शेल्बीने शिकवल्याप्रमाणे तळव्याखाली झाकली, श्वास घेतला, पुन्हा सुरुवात केली. ऑरिन खिडकीबाहेर पाहत थांबला. जन्मात तो कधी कुणासाठी इतका थांबला नसेल. जोडीचे आले. सलगचे तीन काही केल्या येईनात. बर्नेलने शेवटी हात वर केले. ऑरिनने पानांकडे पाहिलं, बर्नेलकडे पाहिलं, घसा खाकरला. मग बोटं टकटकवली.

"माझे."

बर्नेल इतका हसला की ठोकळ्यातली उरलेली पानं खाली पडली. ऑरिनही हसत सुटला. ल्युएला ताटली घेऊन दारात आली आणि तशीच उभी राहिली. तिला हसू आलं होतं आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

त्यानंतर ऑरिनने त्याला आणखी दोनदा लुटलं. एकदा बर्नेलने आठ गुण एका दमात, न अडखळता मोजले, तेव्हा ऑरिनने शाब्बास म्हटलं नाही. नशीबवान आहेस, एवढंच पुटपुटला. डाव दोन गुणांनी गेला. टोपी घालताना ऑरिनने हा ठोकळा आपणच घरी कापलाय याची आठवण करून दिली, आणि बर्नेलने तो एका बाजूला कलतो हे बोटाने दाखवून दिलं. पुढच्या बुधवारी तयारीत राहा असा दम देऊन ऑरिन गेला.

ल्युएला कप उचलायला आली. बर्नेलने ते तिच्या हातून काढून घेतले, मोरीपाशी नेले आणि नळ सोडला.

"कोण जिंकलं मग?" तिने विचारलं. तिने सगळा डाव दारातून पाहिला होता.

बर्नेलने नळ बंद केला. पाण्याचा आवाज पूर्ण थांबेपर्यंत तो थांबला.

"हरलो," तो म्हणाला.

मग त्याने नळ पुन्हा सोडला आणि दुसरा कप घेतला.