वाळलेला फेस

ब्रह्मपुरीकडच्या आमच्या गावात ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, एक बोडी, लहानसं तळं, आहे. आषाढात ती भरली की तिच्यात मोहाची ढेप, म्हणजे तेल काढून उरलेला चोथा, टाकतात. ढेपेच्या विषाने मरळीसारखे खादाड मासे मरून वर येतात. ते मासे लोक शिजवून खातात. विष उतरलं की मत्स्यबीज सोडतात. ढेप टाकायचं काम इस्तारीकडे असे.

त्याची मुलगी रिंकू सहावीत होती. बोडीवर वाकलेल्या करंजाच्या फांदीला तिला पांढरा फेस दिसला. इस्तारी म्हणाला, कोणी आंघोळीचा साबण विसरून गेलं असेल. रिंकूने सांगितलं, हे झाडावरच्या बेडकीचं घरटं. बेडकी मागच्या पायांनी फेस घुसळते नि त्यात अंडी घालते. आत पिल्लं वाढतात, पावसाने फेस भिजला की खाली पाण्यात पडतात. तेव्हा त्यांना शेपूट असते आणि ती माशासारखी कल्ल्यांनी श्वास घेतात. पाय मागून फुटतात.

पिल्लं पडली की ती गाळून धानाच्या बांधीतल्या डबक्यात सोडायची, असं तिने ठरवलं होतं. तोवर ढेप टाकू नका, म्हणाली. फेस रिकामा होईपर्यंत थांबतो, असा इस्तारीने शब्द दिला.

एका दुपारी त्याला फेस पापडासारखा वाळलेला दिसला. पिल्लं गेली, असं समजून त्याने ढेप टाकली. मग सर आली.

रिंकू शाळेतून परस्पर बोडीवर आली. लोक हसतखिदळत टोपल्या भरत होते. मोठे बेडूक काठावर चढून निघून चालले होते. त्यांना पाय होते. फांदीवरून मात्र एकेक पिल्लू त्या पाण्यात टपकत होतं.

"फेस तं वाळला होता ना," इस्तारी म्हणाला.

"वरून वाळला होता, बाबा. आत ओलाच राह्यते."

तो टोपली घेऊन पाण्यात धावला. फांदी खोल पाण्यावर होती. तो पोचला तेव्हा फेस खरोखरच रिकामा झाला होता.

संध्याकाळी घरोघरी रस्सा शिजला. रिंकूने कोरडा भात खाल्ला.

पुढच्या आषाढात इस्तारी स्वतःच फांद्या पाहत फिरला. करंजाला फेस दिसताच घाईने घरी आला.

"रिंकू, फेस लागला पाह्य. चाल, दाखवतो."

ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"मंग ढेप कधी टाकता, बाबा?"