मशीनमधली बारीक गुणगुण

मी एक पॉवर सप्लाय आहे. भिंतीतली वीज घ्यायची आणि तिचे शांत बारा व्होल्ट करून मशीनला द्यायचे, हे माझं काम. जन्म चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला. माझ्या आतला स्विच सेकंदाला लाखभर वेळा उघडमीट करतो. तो एकाच लयीत चालला तर शेजारच्या यंत्रांना त्रास होतो. म्हणून घडवणाऱ्यांनी मला ती लय सतत थोडी कमीजास्त करत राहायला शिकवलं. या कसबाचा मला भारी अभिमान होता.

मालाडच्या एका कानतपासणी केंद्रात कान तपासायच्या मशीनचा जुना सप्लाय पलीकडच्या खोलीतल्या ईसीजीच्या रेषा बिघडवायचा. मशीन दुरुस्तीला येणाऱ्या अनुपमाने तो काढला आणि मला बसवलं. ईसीजीच्या रेषा सुधारल्या. सगळे खूश.

पाच महिन्यांनी सहदेव घाडी आले. वय चोपन्न, शाळेची बस चालवायचे. कान ठीक असल्याचा दाखला शाळेला हवा होता. काचेच्या खोलीत हेडफोन लावून ते बसले. आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच. पण ते भलत्याच वेळी दाबू लागले.

तपासणी करणारी शर्मिष्ठा वैतागली. "काका, मी आवाज दिलाच नाही. बटण का दाबताय?"

घाईत त्यांच्या तोंडून मालवणी निघालं. "आवाज येता म्हणान दाबतंय, मॅडम!"

तिने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. ज्यांना कमी ऐकू येतं ते अंदाजाने बटण दाबतात, आणि नोकरीचा प्रश्न असला की जास्तच, हे तिला अनुभवाने माहीत होतं. खरं सांगतो, मलाही तेच वाटलं. माणूस लबाड आहे, असंच मी ठरवून टाकलं. 'उत्तरं विश्वासार्ह नाहीत,' असा रिपोर्ट गेला आणि शाळेने बस काढून घेतली.

चौथ्या दिवशी सहदेव पुन्हा दारात उभे. "मला बहिरा म्हणा, चालेल. पण खोटारडा म्हणू नका. आवाज होता. असा." आणि त्यांनी नाकातून बारीक, एकसारखा सूर काढून दाखवला.

त्या सुराने शर्मिष्ठाचा संशय त्यांच्यावरून उठून मशीनवर आला. तिने अनुपमाला बोलावलं. अनुपमाने हेडफोन बदलले, अर्थिंग तपासलं, ट्यूबलाइट बंद केली. माझ्यावर मीटर लावला तर बरोबर बारा व्होल्ट.

"सप्लाय नाही गं, तो मीच निवडलाय," ती म्हणाली. तरीही मला बाजूला करून तिने मशीन बॅटरीवर चालवलं.

"गेला आवाज!" हेडफोन लावून बसलेले सहदेव काचेच्या खोलीतून ओरडले.

अनुपमाचा चेहरा उतरला. तिने मला विजेचे चढउतार दाखवणारा ऑसिलोस्कोप जोडला. पडद्यावर माझ्या सरळ रेषेवर एक चिमुकली लाट हलत होती, सेकंदाला चारशे वेळा. मी लय कमीजास्त करायचो, त्याच हेलकाव्याची ती लाट. ती हेडफोनपर्यंत पोचत होती. तिने मशीनमधून मुद्दाम तेवढ्याच कंपनांचा सूर वाजवला.

"हाच तो!" सहदेव म्हणाले.

"यार, वाट लागली," अनुपमा पुटपुटली. "इतका बारीक आवाज ऐकू येतो म्हणजे काकांचे कान तर एकदम झकास आहेत."

बॅटरीवर तपासणी झाली. दाखला मिळाला. सोमवारपासून सहदेव पुन्हा बसवर. निघताना शर्मिष्ठाने हात जोडले, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. ते हसले मात्र नाहीत.

आता मी बाहेरच्या टोकन नंबरच्या पाटीला वीज पुरवतो. तिथे माझी गुणगुण कुणाला ऐकू जात नाही. पण सहदेवांना दाखला दिला त्या संध्याकाळी शर्मिष्ठाने रजिस्टर उघडलं होतं. माझ्या पाच महिन्यांत 'उत्तरं विश्वासार्ह नाहीत' असा शेरा आणखी अकरा जणांवर होता. तिने सगळ्यांना फोन लावले. नऊ जण येऊन पुन्हा तपासून गेले. दोन नंबर बंद आहेत.

ते दोघं कुठे असतील, त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला असेल का, मला ठाऊक नाही. तुम्हाला कधी भेटले तर एवढं सांगा: आवाज होता. तो माझा होता.